दुरून माणसं साजरी

सोळा बिऱ्हाडांची सोसायटी गुण्यागोविंदाने कशी चालवावी, हे कोडं महाराष्ट्रात अजून सुटलेलं नाही. सहकार कायदा आहे, उपविधी आहेत, उपनिबंधक आहेत, शिवाय सोसायटीच्या नावात 'स्नेह', 'सहवास' नाहीतर 'एकता' यांपैकी एखादा शब्दही असतो. तरी वार्षिक सर्वसाधारण सभेला कोरम भरत नाही. मग नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच सात माणसांनिशी, त्याच गच्चीवर, पुन्हा सुरू होते. विषय क्रमांक चार : टाकीची गळती. विषय निघतो तेव्हा टाकी सभासदांच्या अंगावरच गळत असते. तरी ठराव होत नाही. तळमजल्याचं म्हणणं, आम्ही गच्चीवर येतच नाही (हे ते गच्चीवर उभं राहून सांगतात). तिसऱ्या मजल्याचं म्हणणं, आधी पार्किंगचं बोला.

ही माणसं एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात. कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या म्हणजे मुलगा परगावाहून आलाय असं समजायचं, इतकी ओळखतात.

आता दुसरीकडे पाहा. १५ जानेवारी २००१ रोजी जिमी वेल्स आणि लॅरी सँगर या दोन अमेरिकनांनी विकिपीडिया नावाचा ज्ञानकोश इंटरनेटवर मांडला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, लिहा. कुणीही लिहा, दुसऱ्याने लिहिलेलं खोडा, तिसऱ्याने खोडलेलं परत लिहा. कुठल्याही शहाण्या माणसाने या बेताला फार तर सहा महिने दिले असते. आज तो तीनशेहून जास्त भाषांत आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे ऐन महाराष्ट्र दिनी सुरू झाला. लिहिणाऱ्यांना छदामही मिळत नाही. कुणी पुण्यात, कुणी लातुरात, कुणी न्यू जर्सीत. बहुतेकांनी एकमेकांची तोंडं पाहिलेली नाहीत, पुष्कळांना एकमेकांची खरी नावं ठाऊक नाहीत. आणि काम चालू आहे. आमच्या सोसायटीत साधारण त्याच सुमाराला कंपाउंडच्या भिंतीचा विषय निघाला होता. तो विचाराधीन आहे.

हे कसं जमतं असं विचारलं की लोक 'ध्येयवाद' म्हणतात. ध्येयवादी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या संस्था पहिल्या वर्धापनदिनाआधीच दुभंगतात. दुसरं उत्तर येतं 'सामंजस्य'. हे उत्तर देणाऱ्याने विकिपीडियाची चर्चापानं उघडलेली नसावीत. तिथली भांडणं वाचली की आपला पार्किंगचा वाद म्हणजे सत्संग वाटतो.

इंग्रजी विकिपीडियात दह्यावर लेख आहे. 'योगर्ट' या शब्दात 'एच' घालायचा की नाही, यावरून जी जुंपली ती २०११ साली मिटली. मिटायला सुमारे आठ वर्षं लागली. दही लागायला एक रात्र पुरते. त्याच्या स्पेलिंगला आठ वर्षं. ('एच' हरला. कुणाला उत्सुकता असेल म्हणून सांगितलं.) पुढे 'स्टार ट्रेक इनटू डार्कनेस' नावाचा चित्रपट यायचा होता. त्यातल्या 'इनटू'चा 'आय' मोठा काढायचा की छोटा, यावर लोकांनी चाळीस हजारांहून जास्त शब्द खर्ची घातले. एवढ्या शब्दांत आपल्याकडे एक कादंबरी होते आणि तिला पुरस्कारही मिळतो.

देवनागरीत मोठी-छोटी लिपी नाही म्हणून आपण सुटलो असं कुणी समजू नये. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ आहे. आकडे मराठी की इंग्रजी, हा वाद आहे. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे 'तो' आणि 'ते'. मराठी माणसाच्या तोंडी शेक्सपिअर नाटकं लिहायचा, देवल मात्र लिहायचे. हे ज्ञानकोशात कसं चालणार? तिथे सगळ्यांना एकच माप हवं. दोघांनाही एकेरीवर आणायला हात धजावत नाही. दोघांनाही आदरार्थी करावं, तर मग हिटलरलाही 'ते' म्हणायची पाळी येते. मराठीत तटस्थपणे लिहायला बसलेल्या माणसाची पहिली अडचण क्रियापदापाशीच सुरू होते.

पोलंडमधल्या एका बंदराच्या शहराला पोलिश लोक ग्दान्स्क म्हणतात आणि जर्मन लोक डान्झिग. या शहरावरून दुसऱ्या महायुद्धाला तोंड फुटायच्या सुमारालाही वाद होता आणि त्याच्या नावावरून विकिपीडियातही झाला. शेवटी २००५ साली मतदान घेतलं. निकाल असा लागला की १३०८ ते १९४५ या काळाबद्दल लिहिताना डान्झिग म्हणायचं, त्याआधी आणि त्यानंतर ग्दान्स्क. मला हा तोडगा फार आवडतो. आमच्याकडे हे सुचलं असतं तर 'सन १९९८ ते २००५ जिन्याखालची जागा कुलकर्ण्यांची, तत्पूर्वी व तदनंतर सोसायटीची' असा ठराव करून आम्ही मोकळे झालो असतो. पुढे २०१० साली जगभरच्या विकिपीडियनांचं वार्षिक संमेलन, विकिमेनिया, कुठे भरलं? ग्दान्स्कला. ज्या नावावरून एकमेकांना धारेवर धरलं, त्याच गावी जमून पंगती उठवल्या.

तेव्हा भांडणं सगळीकडे आहेत. फरक पडतो तो अंतराचा. ही मंडळी एकमेकांपासून लांब आहेत म्हणून त्यांचं चाललंय, असं माझं ठाम मत झालं आहे. लांब असूनही काम करतात म्हणून त्यांचं कौतुक करण्यात अर्थ नाही. आणून बसवा एका गच्चीवर आणि पाहा.

सोसायटीच्या सभेत कुलकर्ण्यांनी पाण्याचा मुद्दा काढला की पाण्याचा विचार कुणी करत नाही. यांच्या मुलीच्या लग्नात आपल्याला कुठल्या पंगतीला बसवलं होतं, याचा करतात. बोलणं कानाआड जातं, बोलणारा डोळ्यांत भरतो. विकिपीडियात समोर असतं ते टोपणनाव : एखाद्या पाखराचं नाव आणि पुढे दोन आकडे. ते पाखरू म्हणजे निवृत्त कार्यकारी अभियंता आहे, बँकेतल्या बाई आहेत की नववीतला मुलगा, हे कळायला मार्ग नाही. त्याची जात कळत नाही, पगार कळत नाही, त्याच्या बायकोचं आपल्या बायकोशी काय बिनसलंय ते कळत नाही. मग नाइलाजाने त्याने काय लिहिलंय ते वाचावं लागतं. तिथला एक मुख्य नियमच असा की समोरच्याचा हेतू चांगला आहे असं धरून चाला. ज्याला आपण ओळखतही नाही त्याच्याबद्दल हे धरून चालणं सोपं आहे. शेजारच्या दाराबद्दल धरून दाखवा.

संस्थापकालाही तिथे किंमत नाही. २००७ साली जिमी वेल्स दक्षिण आफ्रिकेत गेले होते. केपटाउनजवळच्या गुगुलेथू वस्तीत 'म्झोलीज' नावाचं मांसाहारी खाणावळवजा हॉटेल होतं, त्यावर त्यांनी एका ओळीचा लेख टाकला. काही मिनिटांतच एका प्रचालकाने, म्हणजे लेख काढून टाकायचा अधिकार असलेल्या स्वयंसेवकाने, तो उडवला. कारण : उल्लेखनीयता दिसत नाही. आता त्याने लेख कुणाचा आहे ते पाहिलं नसेल, किंवा पाहिलं असेल आणि तरी उडवला असेल. दोन्ही गोष्टी मला सारख्याच आदरणीय वाटतात. पुढे रीतसर वाद झाला, इतरांनी भर घातली आणि लेख टिकला. आमच्याकडे अध्यक्षांनी जिन्यात ठेवलेली तुळशीची कुंडी वाटेत येते हे सगळ्यांना मान्य आहे. तिला ओलांडून जायची आता पोरांनाही सवय झाली आहे.

दुसरी मेख दप्तराची. सभेचं इतिवृत्त सेक्रेटरी लिहितात आणि पुढच्या सभेत वाचतात. वाचलं की निम्मे लोक म्हणतात, मी असं बोललोच नव्हतो. उरलेले म्हणतात, मी बोललो ते कुठाय? विकिपीडियात प्रत्येक पानावर 'इतिहास पहा' अशी खूण असते. कुणी, कधी, कुठला स्वल्पविराम हलवला ते तिथे जसंच्या तसं असतं. 'मी असं बोललोच नव्हतो'ची सोयच काढून टाकली, की सभेतला अर्धा वेळ वाचतो. शिवाय एक नियम असा की एकाच लेखात दुसऱ्याचं लिखाण चोवीस तासांत तीनदापेक्षा जास्त वेळा उलटवायचं नाही. चौथ्यांदा उलटवलंत तर काही काळ तुमचं लिहिणं बंद होऊ शकतं. 'मी मगाशीच म्हटल्याप्रमाणे' अशी सुरुवात करणाऱ्या सभासदांसाठी उपविधींत अशी एखादी तरतूद असायला हवी होती.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते पाहायचं तर कुठल्याही छोट्या गावाचं मराठी पान घ्या आणि त्याचा इतिहास उघडा. ठेवण सगळीकडे साधारण एकच. समजा, पहिल्या दिवशी गावच्या एका उत्साही सुपुत्राने लिहिलं : 'आमचे गाव अतिशय निसर्गरम्य असून गावात जागृत मारुती आहे. गावकरी प्रेमळ आहेत. सर्वांनी एकदा अवश्य भेट द्यावी.' दुसऱ्या दिवशी कुणीतरी 'आमचे' खोडतो. तिसरा येऊन 'निसर्गरम्य'च्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'संदर्भ हवा' असं लिहून जातो. चौथा 'जागृत' काढतो. मारुती जागा आहे की झोपलाय, याला पुरावा काय? गावकऱ्यांचा प्रेमळपणा पाचव्याच्या हातून जातो. महिन्याभराने पानावर उरतं : 'गावात मारुतीचे मंदिर आहे.' मधल्या काळात एका सांगकाम्याने, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रॅमने, तालुका आणि जिल्हा नीट लावून दिलेला असतो. मग ग्रामपंचायतीची निवडणूक येते. मध्यरात्री पानावर फ्लेक्सवरचा मजकूर अवतरतो : 'गावाचे लाडके, धडाडीचे, युवकांचे आशास्थान...' पुढे नाव आणि मोबाइल नंबर. लिहिणारा समाधानाने झोपतो. गावात रात्रीचे दोन वाजलेले असतात, पण कॅलिफोर्नियात दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा खाणारा कुणी मराठी माणूस अलीकडील बदल चाळत असतो. एका घासात आशास्थान खलास. सकाळी उठून युवक पाहतो तर पुन्हा मारुतीचं मंदिर. भांडायला जावं तर कुठे? गावात असता तर चावडीवर गाठला असता. विकिपीडियालाही चावडी आहे, पण तिथे कॉलर धरता येत नाही.

अशा कारभारात काटेकोर माणसाचं सोनं होतं. ब्रायन हेंडरसन नावाचे एक अमेरिकन संगणक अभियंता आहेत. 'कम्प्राइज्ड ऑफ' हा इंग्रजी प्रयोग चुकीचा आहे असं त्यांचं मत आहे. मत पुष्कळांना असतं, पण २००७पासून त्यांनी विकिपीडियात जिथे जिथे हा प्रयोग दिसेल तिथे तिथे तो हाताने दुरुस्त करायला घेतला. २०१५पर्यंत सत्तेचाळीस हजार दुरुस्त्या झाल्या होत्या. असा माणूस आपल्या सोसायटीत राहिला असता तर आपण जिन्यात त्याच्या पावलांचा आवाज ऐकून परत घरात शिरलो असतो. लांब असल्यामुळे तो जगाच्या उपयोगी पडला. मोबदला काय, तर फारच झालं तर कुणीतरी तुमच्या पानावर संगणकाने काढलेली एक चांदणी चिकटवून जातो. शाल नाही, श्रीफळ नाही, 'दोन शब्द' बोलायला माइकही नाही. माइक नाही म्हणूनच बहुधा इतकं काम होतं.

पैशाचा व्यवहार आहे, नाही असं नाही. सॅन फ्रान्सिस्कोला विकिमीडिया फाउंडेशन आहे, ती विनानफा संस्था. तिथली पगारी माणसं यंत्रं सांभाळतात, वकील सांभाळतात आणि अधूनमधून पानाच्या वरच्या बाजूला वर्गणीची विनंती लावतात. लेखात काय लिहायचं ते मात्र पगार नसलेले ठरवतात. आपल्याकडे वर्गणी गोळा करणारा आणि अक्कल शिकवणारा बहुधा एकच असतो.

ही व्यवस्था लांबच्या माणसांसाठी घडलेली असल्यामुळे ती गोंधळते केव्हा, तर माणसं जवळ आली की. मराठी भाषा गौरव दिनाच्या आसपास कॉलेजांत विकिपीडियाच्या कार्यशाळा होतात. दीपप्रज्वलन, गुलाबपुष्प, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांच्या परिचयात राहून गेलेल्या गोष्टी, असं करत तासाभराने चाळीस विद्यार्थी संगणकापुढे बसतात आणि खाती उघडू लागतात. पहिली सहा उघडतात. सातव्या मुलीला नकार येतो. एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती, असा नियम आहे. एका ठिकाणाहून भसाभस माणसं आली तर त्यात काहीतरी काळंबेरं आहे असं यंत्राला वाटतं. आधी कळवलं तर सूट मिळते, पण आपल्याकडे आधी फक्त चहावाल्याला कळवतात. उरलेले चौतीस जण मग त्या सहांच्या मागे उभे राहून सूचना देतात. हे दृश्य मात्र शंभर टक्के मराठी असतं. ते सहाही जण कॉलेजवरच्या एकाच लेखात एकाच वेळी हात घालतात आणि एकमेकांचं लिहिलेलं एकमेकांच्या अंगावर येतं.

ओळखीपाळखीच्या माणसांबद्दल तिथे एकूणच संशय. आपल्या बाजूने कौल द्यायला चार मित्र घेऊन जाणं हा तिथे गुन्हा समजतात. आपल्याकडे याला जनसंपर्क म्हणतात.

नोव्हेंबर २०११मध्ये मुंबई विद्यापीठाच्या फोर्टच्या आवारात भारतभरचे विकिपीडियन एकत्र आले होते. वेल्सही आले होते. वर्षानुवर्षं एकमेकांची वाक्यं खोडलेली माणसं तिथे गळ्यात ओळखपत्र अडकवून एकमेकांना भेटली. संमेलन तीन दिवसांचंच होतं, म्हणून निभावलं. चौथा दिवस असता तर कार्यकारिणी निवडावी लागली असती.

आता अंतराची दुसरी बाजू. २०२० साली असं उघडकीला आलं की स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियातले हजारो लेख एका अमेरिकन पोराने लिहिलेले आहेत. त्याला ती भाषा येतच नव्हती. इंग्रजी वाक्यं घ्यायची, शब्द थोडे वाकडे करायचे, की झालं स्कॉट्स. पोराचा हेतू वाईट नव्हता. लहानपणापासून इमानेइतबारे सेवा करत होता. वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ती भाषा बोलणारी माणसं तिकडे फिरकतच नव्हती. लांबच्यांचा कारभार चालायला लांबून का होईना, डोकावणारे पुरेसे लागतात.

मला भीती वाटते ती इथे. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींच्या वर होते. मराठी विकिपीडियात नेमाने लिहिणारे मात्र मोजकेच आहेत. डॉ. केतकरांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले, वाईला तर्कतीर्थांनी विश्वकोश उभा केला. त्या कामांना विद्वान लागायचे, आणि ते कोश विद्वत्तेत अजूनही विकिपीडियाच्या पुढे आहेत. इथे तेवढं काही लागत नाही. आपल्या गावचा तालुका, नदीचं नाव, गावच्या लेखकाचं जन्मवर्ष ठाऊक असलं आणि ते कुठे छापून आलंय ते दाखवता आलं की पुरे. दुसऱ्याचं चुकलेलं दाखवून द्यायला आठ कोटींतला एकही मराठी माणूस आळस करत नाही, फक्त ते तो चहाच्या टपरीवर करतो.

तेव्हा आज रात्री आपल्या गावाचं पान उघडा. काही ना काही चुकलेलं नक्की सापडेल. 'संपादन' अशी खूण असते, तिच्यावर बोट ठेवा, चूक दुरुस्त करा, खाली संदर्भ द्या आणि झोपा. कोरम लागत नाही. फक्त मारुतीला 'जागृत' म्हणू नका. डबा खात कुणीतरी बसलेलं आहे.